पिकअपच्या फ्युएल पंपापर्यंत पोहोचायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरुड-मोर्शी भागात आंबियाचा संत्रा निघायला लागला की पिकअपला विसावा नसतो. दिवसा बागेतून क्रेट भरायचे, रात्री नागपूरच्या कळमना बाजारात उतरवायचे, सकाळी पुन्हा बागेत. अशा दिवसांत गाडी रस्त्यात बसली की गॅरेजचा फोन वाजतो, आणि फोनवरचे प्रश्न वर्षानुवर्षं तेच असतात. पंप बदलणं हे मुळात अर्ध्या तासाचं काम आहे. खरी मेहनत आहे ती पंपापर्यंत पोहोचण्याची, आणि माणसं भाजतात तीही तिथेच. म्हणून ही उत्तरं सविस्तर लिहून ठेवतो आहे.

माझ्या गाडीत पंप नेमका कुठे आहे?

पेट्रोलवर किंवा पेट्रोल-सीएनजीवर चालणाऱ्या छोट्या पिकअपमध्ये पंप टाकीच्या आत असतो. विजेवर चालणारी छोटी मोटर, तिच्या बुडाशी जाळी, बाजूला इंधन काट्याचा फ्लोट, असा सगळा संच टाकीच्या वरच्या तोंडातून आत सोडलेला असतो. पेट्रोलमध्ये बुडून राहिल्यानेच ती मोटर थंड राहते.

डिझेल गाडीचं वेगळं आहे. जुन्या डिझेल पिकअपमध्ये टाकीत फक्त ओढणारी नळी आणि फ्लोट असतो. पंप असतो इंजिनाला लागून. तिथे टाकी उतरवायचं कारणच नाही. नव्या काही डिझेल गाड्यांत टाकीत किंवा चेसिसवर विजेचा पंप दिलेला असतो. म्हणून पान्हा हातात घ्यायच्या आधी मॅन्युअल उघडा, नाहीतर चेसिस नंबर सांगून स्पेअरच्या दुकानात चित्र पाहा. डिझेलबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे. बाकी सगळं पेट्रोल गाडीबद्दल समजा.

कारमध्ये सीट उचलली की पंप दिसतो. पिकअपमध्ये तसं का नाही?

बऱ्याच कारमध्ये मागच्या सीटखाली टाकी असते आणि पत्र्यात कंपनीनेच झाकण दिलेलं असतं. पिकअपमध्ये टाकी चेसिसला लोखंडी पट्ट्यांनी टांगलेली, आणि तिच्या डोक्यावर अख्खा हौदा. टाकीचं वरचं तोंड आणि हौद्याचा तळ यांच्यात हाताची चार बोटं जातील एवढीच फट राहते. त्या फटीत वायरीचा जोड, म्हणजे कपलर, चाचपता येतो, पण पाइपची क्लिप सोडवता येत नाही आणि टाकीच्या तोंडावर पंपाचा संच घट्ट धरणारी लॉक रिंग तर फिरवताच येत नाही. म्हणून एक तर टाकी खाली यायला हवी, नाहीतर हौदा वर जायला हवा.

भाऊ, गाडी चालूच होऊन नाही राहिली. पंपच गेला ना?

गेला असेल, पण आधी खात्री करा. पंप ठीक असताना टाकी उतरवली तर पूर्ण दिवस वाया जातो, आणि नवा पंप टाकूनही गाडी उभीच राहते.

सगळ्यात सोपी परीक्षा कानाची. आजूबाजूला शांतता असताना एकाने पेट्रोलच्या झाकणाजवळ कान लावावा, दुसऱ्याने चाबी ऑन करावी, सेल्फ मारू नये. पंप जिवंत असेल तर दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते आणि थांबते. आवाज आला म्हणजे पंप फिरतो आहे. तो पुरेसं प्रेशर देतो का, हा पुढचा प्रश्न. आवाजच नाही आला तर लगेच पंपाला दोष देऊ नका. फ्यूज काढून उजेडात धरा. मग रिले, म्हणजे पंपाची वीज चालू-बंद करणारी छोटी डबी. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर तो पंपाच्या जागी लावून पाहा. एक मिनिटाचं काम आहे. तरी काही नाही, तर वायरीत करंट येतो का ते पाहायचं. पंपाचा वरचा कपलर हाताला लागत नाही, पण बहुतेक गाड्यांत चेसिसच्या आतल्या बाजूने येणाऱ्या वायरीला मध्ये एक जोड असतो. तिथे मल्टिमीटर लावा. चाबी ऑन केल्यावरच्या त्या दोन-तीन सेकंदांत बॅटरीइतके व्होल्ट दिसले पाहिजेत. अर्ध्या व्होल्टहून जास्त तूट असेल तर वायर किंवा अर्थिंग खराब आहे. अर्थची वायर चेसिसला जिथे बोल्टने कसलेली असते तिथे गंज चढतो, आणि पिकअपमध्ये ही तक्रार मला पंपाइतकीच वेळा सापडते.

मागच्या थंडीतली एक गाडी सांगतो. जिनिंगला कापूस नेणारी पिकअप, दोन ठिकाणी दाखवून झालेली, आणि दोन्हीकडे सांगितलं होतं की पंप गेला. मालक नवा पंप हातात घेऊनच आले होते. मी बाजूला आडवा होऊन टाकीच्या वर उजेड मारला तर पांढरं काही दिसलं. तारेच्या आकड्याने ओढलं, तर ओंजळभर कापूस, त्यात सरकी, भुईमुगाची टरफलं आणि निळ्या वायरीचे कुरतडलेले तुकडे. उंदराने टाकीवर ऊबदार घर केलं होतं. वायर जोडली, टेप गुंडाळली, वरून जाड नळी चढवली आणि गाडी पहिल्या सेल्फला लागली. तो नवा पंप त्यांनी दुकानात परत केला.

आवाज येतो, पण चढावर गाडी दम टाकते, भार घेतला की झटके देते.

मग प्रेशर मोजायला हवं. पेट्रोल इंजेक्शनच्या छोट्या गाड्यांत इंजिनाकडे साधारण ३ बारच्या आसपास प्रेशर लागतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच खरा. गेज लावून पाहा, इंजिन रेस न देता नुसतं चालू असताना आणि रेस दिल्यावर. रेस दिली की काटा खाली बसत असेल तर पंप थकला आहे किंवा जाळी, फिल्टर चोंदला आहे. स्कॅनर लावल्यावर पी ००८७ आला तर त्याचा अर्थ रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीत, प्रेशर कमी, आणि पी ०२३० आला तर पंपाच्या वीज-जोडणीत गडबड. कोड दिशा दाखवतो, पण निर्णय गेजनेच करा.

टाकीला खालून ठोकलं की चालू होते. अशीच चालवली तर?

ठोकल्याने मोटरचे घासलेले कार्बन ब्रश क्षणभर टेकतात, म्हणून ती फिरते. गाडी घरी किंवा गॅरेजपर्यंत आणायला हा उपाय वापरा, रबरी हातोडीनेच. त्या भरवशावर माल भरून निघू नका.

टाकी उतरवावी, हौदा उचलावा, की आणखी काही?

हा निर्णय गाडी पाहून घ्यायचा असतो, आपल्याला किती घाई आहे ते पाहून नाही.

टाकी चेसिसच्या बाजूला टांगलेली असेल, पट्ट्यांचे बोल्ट बऱ्यापैकी असतील आणि पेट्रोल कमी असेल, तर टाकीच उतरवा. बहुतेक वेळा मी हेच करतो. दोन माणसं पुरतात, आणि टाकी जमिनीवर आली की तोंड, पाइप, वायर सगळं उजेडात दिसतं. टाकीच्या तळाशी साठलेलं पाणी आणि गंजाचा चिखलही तेव्हाच काढता येतो. पंप बदलून घाण तशीच ठेवली तर नवा पंपही लवकर जातो.

टाकी दोन्ही चेसिसच्या मध्ये असेल, खाली शाफ्ट किंवा सायलेन्सर आडवा येत असेल, किंवा पट्ट्या गंजून एकजीव झाल्या असतील, तर हौदा उचलण्याचा विचार करा. कंपनीचा पत्र्याचा रिकामा हौदा असेल तर यू बोल्ट सोडून, मागच्या दिव्यांचा कपलर, अर्थची वायर आणि पेट्रोल भरायच्या नळीचे स्क्रू काढून तो चेन ब्लॉकने वर घेता येतो. पूर्ण काढायची गरज नसते. एका बाजूचे बोल्ट पूर्ण सोडायचे, दुसऱ्या बाजूचे नुसते ढिले करायचे आणि हौदा कलता करायचा, की पंपाचं तोंड मोकळं होतं. पण कलत्या हौद्याखाली हात घालायच्या आधी दोन्ही टोकांना सागाचे किंवा बाभळीचे जाड गुटके आडवे द्या, आणि साखळी तशीच ताणलेली राहू द्या. नुसत्या जॅकवर कधीच नाही.

आपल्या भागात बऱ्याच गाड्यांवर बॉडीवाल्याकडून बांधलेला जड लोखंडी हौदा असतो, वर जाळी, मागे फाळका, कधी ताडपत्रीचे कमानी पाइप वेल्ड केलेले. असा हौदा चार पोरांच्या खांद्यावर उचलायला जाऊ नका. तो एकदा सरकला की कोणाच्या हाताने थांबत नाही. तिथे टाकी उतरवणं हाच रस्ता, कितीही वेळ लागो.

हौद्याच्या पत्र्याला चौकोनी भोक पाडून वरून झाकण बसवलं तर? पुढच्या वेळी सोपं जाईल.

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि मी एकदाही होकार दिलेला नाही.

ग्राइंडरच्या ठिणग्या ज्या जागी पडणार, तिथून चार बोटांवर पेट्रोलची टाकी, प्रेशरचा पाइप आणि वायर आहे. पत्र्याची जाडी आणि खालचं अंतर वरून कळत नाही; चाक एकदा घसरलं की पाइपच कापला जातो. लोक म्हणतात, टाकी रिकामी करून कापू. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण तिच्यात द्रव नसतो पण वाफ भरून असते. हवेत पेट्रोलची वाफ दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी ती पेटते. उणे ४० अंशांतही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात अकोला, नागपूर, चंद्रपूरला पारा ४५च्या वर जातो.

कापून झालं, काही झालं नाही, असंही होतं. मग त्या भोकातून पावसाचं पाणी, शेणखत, युरिया सगळं टाकीच्या तोंडावर साचत राहतं. युरिया आणि ओल एकत्र आले की कपलरच्या पिना हिरव्या पडतात. दोन पावसाळ्यांत तोच पंप पुन्हा बंद. सोपं व्हावं म्हणून पाडलेल्या भोकाने काम वाढतंच.

आमच्या गॅरेजात खड्डा आहे. त्यात उतरून करू का?

पेट्रोलच्या टाकीचं काम खड्ड्यात करायचं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी खाली वाहते आणि खड्ड्यात साचते. खड्ड्यातल्या माणसाला वास थोड्या वेळाने जाणवेनासाही होतो.

मी शिकत होतो तेव्हा उस्तादांच्या गॅरेजात असंच काम चाललं होतं. खड्ड्यात वायरला लटकवलेला ६० वॅटचा बल्ब होता. मी पाइपची क्लिप दाबली, पाइप अपेक्षेपेक्षा लवकर सुटला आणि उरलेल्या पेट्रोलची धार सरळ बल्बवर गेली. काच तडकल्याचा तो टक् आवाज मला अजून ऐकू येतो. उस्तादांनी माझी कॉलर धरून मला वर फेकलं आणि मग स्वतः बाहेर आले. माझ्या भुवया जळाल्या. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, आणि ती दिवाळी त्यांनी नागपूरच्या दवाखान्यात काढली. तेव्हापासून मी हे काम उघड्यावर, सपाट जमिनीवर आणि सकाळी ऊन तापायच्या आधी करतो. उजेडासाठी डोक्याला बांधायची बॅटरीवरची एलईडी, वायरचा बल्ब नाही. शेजारी वेल्डिंगचं दुकान असेल तर त्यांना आधी सांगतो आणि तेवढा वेळ ते काम थांबवतात. चहाची शेगडी, विडी, सगळं लांब. हाताशी आग विझवायचं एबीसी पावडरचं सिलिंडर आणि दोन घमेली कोरडी रेती.

सपाट जमीन म्हणजे काळी माती नव्हे. काळ्या मातीत जॅक एका बाजूला धसतो, पावसाळ्यात तर पाहता पाहता. मुरूम किंवा काँक्रीट नसेल तर जॅकखाली आणि स्टँडखाली रुंद, जाड फळी टाका. विटा आणि दगडांवर गाडी पेलू नका. भाजलेली वीट भाराखाली एकदम फुटते, आधी सूचना देत नाही.

टाकीतलं पेट्रोल काढायचं कसं?

तोंडाने नळी ओढून अजिबात नाही. पेट्रोलचा एक घोट चुकून फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. हाताचा सायफन पंप स्वस्तात मिळतो. काही टाक्यांना खाली ड्रेन बोल्ट असतो, काहींच्या भरायच्या नळीत जाळी असल्याने वरून नळी जातच नाही. तेव्हा भरायची नळी टाकीपाशी सोडून तिथून काढावं लागतं.

पेट्रोल पाण्याच्या बाटल्यांत आणि प्लास्टिकच्या बादलीत काढू नका. प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि उघड्या बादलीतून वाफ पसरते. घट्ट झाकणाचा धातूचा कॅन घ्या, जमिनीवर ठेवूनच भरा, आणि सुरू करायच्या आधी चेसिसच्या उघड्या लोखंडाला हात लावा. १९३४च्या पेट्रोलियम कायद्यात विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं. त्यापेक्षा जास्त टाकीत असेल तर ते थोडं थोडं काढून दुसऱ्या गाडीत टाका. आणखी एक कारण वजनाचं: पेट्रोलचा लिटर साधारण पाऊण किलो भरतो. ४० लिटर म्हणजे ३० किलो, तेही आत हेलकावे खाणारं. असली टाकी उतरवताना हातातून एका बाजूला झोक घेते.

पाइपमधलं प्रेशर?

पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन चालू करा, ते स्वतः बंद पडेल. पंपच मेला असेल तर नुसता सेल्फ दोन-तीनदा मारा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधा. तरीही पाइप सोडताना वरून जाड सुती फडकं गुंडाळा आणि चष्मा लावा. थोडं पेट्रोल येतंच.

टाकी उतरवायचा क्रम सांगा.

चाकांना गुटके, हँडब्रेक, बॅटरी काढलेली, टाकी शक्य तेवढी रिकामी. झाकण हळू उघडा, उन्हात टाकी फुगलेली असते. पेट्रोल भरायच्या नळीची आणि तिच्या शेजारच्या बारीक हवेच्या नळीची पट्टी सोडा. या दोन नळ्या वर्षानुवर्षं चिकटलेल्या असतात. खेचू नका, फिरवून सोडवा.

आता टाकीखाली जॅक, जॅकवर रुंद फळी, म्हणजे टाकीचा पत्रा किंवा प्लास्टिक दबणार नाही. दोन्ही पट्ट्यांचे नट थोडे थोडे, आळीपाळीने सोडा. टाकी साधारण वीतभर खाली आली की थांबा. घाईत इथेच नुकसान होतं, कारण वरचा कपलर आणि प्रेशरचा पाइप अजून जोडलेला असतो. आता फटीतून हात जातो. कपलरची कुंडी दाबून काढा, पाइपचं क्विक कनेक्टर दोन्ही बाजूंनी दाबून सोडा. मातीने ते अडकलेलं असेल तर आधी ब्रशने साफ करा. पकडीने दाबलं की प्लास्टिकचे कान तुटतात आणि पूर्ण पाइप विकत घ्यावा लागतो. कोणता पाइप कुठे होता त्याचा मोबाइलने दुरून, काम सुरू करायच्या आधीच, फोटो काढून ठेवा. मग टाकी पूर्ण खाली घ्या आणि गाडीखालून ओढून मोकळ्यावर न्या.

पट्ट्यांचे बोल्ट गंजून जाम आहेत.

आदल्या रात्री तारेच्या ब्रशने घासून गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी पुन्हा मारा. आधी किंचित घट्ट करायचा प्रयत्न करा, मग सोडा. बऱ्याचदा त्या पहिल्या हालचालीने गंज सुटतो. तरी नाही निघाला तर नट स्प्लिटर वापरा, किंवा तेल टाकत हाताच्या आरीने कापा. गॅस कटर, ग्राइंडर, तापवणं हे टाकीजवळ नाही. नव्या पट्ट्या आणि बोल्ट स्वस्त असतात, तेव्हाच बदलून टाका.

टाकी खाली आली. आता तोंड लगेच उघडू?

आधी धुवा. टाकीच्या डोक्यावर धूळ, गवत, कापसाचे तंतू यांचा जाड थर असतो. ब्रश मारा, ओल्या फडक्याने पुसा, कडेची माती काडीने काढा. रिंग उघडल्यावर आत पडलेला एक खडाही जाळीत जाऊन बसतो.

लोखंडी लॉक रिंग असेल तर पितळी छिन्नी किंवा लाकडी खुंटी लावून हळू ठोके द्या. स्टीलवर स्टील मारू नका, ठिणगी उडते. प्लास्टिकची मोठी चकती असेल तर तिचा पट्ट्याचा पान्हा मिळतो. हातोडी मारली की तिचे दात जातात. सोडायच्या आधी संच कोणत्या दिशेला तोंड करून आहे त्याची टाकीवर खूण करा. बाहेर काढताना तिरपा करून फ्लोटची दांडी जपा, ती अगदी बारीक असते. संचात पेट्रोल साठलेलं असतं, खाली भांडं धरा.

टाकीच्या तोंडाची रबरी ओ-रिंग नवीच. जुनी पेट्रोलमध्ये फुगलेली असते, परत खाचेत बसत नाही. तिच्याभोवती सिलिकॉन लावू नका. पेट्रोलमध्ये ते सुटतं आणि त्याचे तुकडे जाळीत अडकतात.

फक्त मोटर बदलू की पूर्ण संच?

संचाचं प्लास्टिक, रेग्युलेटर आणि फ्लोट चांगला असेल तर मोटर आणि जाळी बदलून काम होतं, पैसेही वाचतात. पण संचाच्या डोक्यावरच्या नळीला चीर असेल, पिना काळ्या पडल्या असतील, किंवा गाडी रोज भार वाहत असेल तर पूर्ण संच घ्या. माझं मत असं की ज्याचं पोट गाडीवर आहे त्याने संच बदलावा, कारण टाकी उतरवण्याची मेहनत दोन्हीला सारखीच आहे. सामान घेताना चेसिस नंबरवरून पार्ट नंबर जुळवा. नुसतं दिसायला सारखं म्हणून घेऊ नका. प्रेशर वेगळं निघतं.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने पंप जातो का?

इथेनॉल ओल ओढून घेतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि पंपाची जाळी नेमकी तिथेच असते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सीलही त्याने लवकर मऊ पडतात. टाकी उतरवलीच आहे तर प्रत्येक नळी वाकवून पाहा, चिरा दिसल्या तर बदला. हंगाम नसताना गाडी उभी ठेवणार असाल तर अधूनमधून चालवत राहा.

गाडी सीएनजीवरच चालते. मग पेट्रोल पंप कसा गेला?

पेट्रोलची टाकी कोरडी ठेवल्यामुळे. पंपाला थंड ठेवणारं पेट्रोलच नसेल तर ज्या वेळी तो फिरतो त्या वेळी तो तापतो. सीएनजी संपला की चालक घाईने पेट्रोलवर टाकतो, आणि तळाशी राहिलेल्या कपभर पेट्रोलवर पंप घरघरत राहतो. पेट्रोल निदान पाव टाकी ठेवा आणि आठवड्यातून काही किलोमीटर त्यावर चालवा.

सिलिंडर आणि त्याच्या पाइपला मात्र हात लावू नका. आत २०० बारच्या घरात दाब असतो. सिलिंडर टाकीच्या आड येत असेल तर अधिकृत सीएनजी फिटरकडूनच ते काम करून घ्या.

डिझेल पिकअप आहे. हवा घेते, चालता चालता बंद पडते.

बहुतेक वेळा पंप नसतो. टाकीपासून फिल्टरपर्यंतची नळी पाहा. तडकलेली नळी डिझेल गळू देत नाही, पण हवा आत ओढते, म्हणून बाहेरून काही दिसत नाही. फिल्टरच्या जोडीला पारदर्शक नळीचा तुकडा लावला की बुडबुडे दिसतात. मग टाकीतल्या नळीची जाळी. फिल्टरच्या खालचं पाणी पावसाळ्यात आठवड्याला काढा. नळी जोडल्यावर हातपंप घट्ट होईपर्यंत दाबून हवा काढायची.

कॉमन रेल इंजिन, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं, असेल तर चालू इंजिनावर इंजेक्टरचे पाइप ढिले करून हवा काढायची जुनी सवय सोडा. तिथे हजार बारच्या वर दाब असतो. ती बारीक धार कातडीतून आत शिरते, बाहेर फक्त टोचल्यासारखी खूण दिसते आणि हात गमावायची वेळ येते. असं झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा.

शेतात बंद पडली. तिथेच टाकी उतरवू का?

नको. फ्यूज, रिले, वायर एवढं तिथे पाहा. बाकी गाडी ट्रॅक्टरने ओढून आणा. काडीकचरा, वाळलेलं तण आणि सांडलेलं पेट्रोल यांची गाठ घालू नका. माल भरलेला असेल तर आधी दुसऱ्या गाडीत घ्या.

पेट्रोल अंगावर सांडलं किंवा भडका उडाला तर?

भिजलेले कपडे लगेच काढा, साबणाने धुवा. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याने १५ मिनिटं. पोटात गेलं तर उलटी करवू नका. भाजलं तर साधं वाहतं पाणी २० मिनिटं. हळद, तूप, टूथपेस्ट काही नाही. १०८ला फोन लावा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नका, ते तरंगत जाऊन आग पसरवतं. पावडर किंवा रेती.

सगळं परत बसवलं. आता सेल्फ मारू?

आधी पाच-सात लिटर पेट्रोल टाका. चाबी ऑन करा, तीन सेकंद थांबा, ऑफ करा. असं चार वेळा, म्हणजे पाइप भरतो. प्रत्येक वेळी एकाने जोडांकडे पाहायचं. कोरडं असेल तर इंजिन चालू करा आणि दहा मिनिटं चालू ठेवा. मग टाकी काठोकाठ भरून गाडी थोडी हलवून पाहा, कारण वरच्या ओ-रिंगची गळती अर्ध्या टाकीला दिसत नाही. रात्रभर उभी ठेवून सकाळी टाकीच्या वर नाक नेऊन वास घ्या.

पंप बदलल्यापासून काटा चुकीचा दाखवतो.

फ्लोटची दांडी बसवताना वाकली, किंवा संच फिरून बसला आणि फ्लोट टाकीच्या भिंतीला घासतो आहे. यासाठी पुन्हा टाकी उतरवावी लागते. ती वेळ येऊ नये म्हणून नवा संच आत सोडायच्या आधी काटा तपासा. पण संच रिकाम्या टाकीपासून लांब, मोकळ्या हवेत न्या, पंपाचा फ्यूज काढा आणि कपलर लांब वायरीने जोडा. मग बॅटरी जोडून चाबी ऑन करा आणि फ्लोट बोटाने हळू खालून वर न्या. डॅशवरचा काटा त्याच्या मागे रिकाम्यापासून पूर्णपर्यंत जायला पाहिजे. मध्ये कुठे अडकला किंवा एकदम पडला, तर तो संच त्याच दिवशी दुकानात परत करा.